भेटीची वेळ

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५मध्ये केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

'मुला-मुलींनो' म्हटल्यावर मागच्या बाकांवरून जो हशा आला, तो तीस वर्षांपूर्वीही त्याच बाकांवरून यायचा. बरं वाटलं.

संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, तू मेलबर्नला सॉफ्टवेअरमध्ये आहेस तर एआयवर बोल, आपल्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांग. त्याचं उत्तर मी जेवताना कुणालाही दोन मिनिटांत देईन. इथे मला दुसऱ्याच विषयावर बोलायचंय. आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकांच्या खालोखाल कुठले मेसेज येतात ते आठवा. 'बाबांसाठी रात्रीचा अटेंडंट हवाय.' 'मिरजेत डिमेन्शियाचा चांगला डॉक्टर कोण?' आणि एक प्रश्न ग्रुपवर कधीच येत नाही, तो रात्री अकरा वाजता मला एकटीलाच येतो: 'तू आईला होममध्ये ठेवलं होतंस ना? कसं ठरवलंस?' गेल्या दोन वर्षांत आपल्या वर्गातल्या पाच जणांनी मला हे विचारलं. पाचही जण आत्ता इथे बसलेत आणि माझ्याकडे बघायचं टाळतायत.

समोर आपले शिक्षक बसलेत. त्यातल्या बहुतेकांची पंच्याहत्तरी उलटलीय. त्यांच्यासमोर हा विषय काढावा का, असं मी काल आपल्या मराठीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याविषयी आमच्या पाठीमागे बोलण्यापेक्षा समोर बोल." म्हणून बोलते.

माझी आई तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. ती पोस्टात होती. तुमच्या आयांची आरडीची पासबुकं तिच्या हाताखालून गेलीत. रकमेची बेरीज तोंडी करायची आणि कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या नव्या पोरांकडे दयेने बघायची. बाबा गेल्यावर २०१२मध्ये तिला मी मेलबर्नला नेलं. चार वर्षांनी डिमेन्शियाचं निदान झालं. २०१८मध्ये ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलमधून घरी आणण्यासारखी राहिली नाही. रात्री तीन-तीनदा उठायची, गॅस चालू करायची, दार उघडून पोस्टात निघायची. आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगा शाळेत. घरापासून चार किलोमीटरवर एक केअर होम होतं, तिथे जागा मिळाली. आत्याचा सांगलीहून फोन आला, "म्हणजे वहिनीला टाकलंस?" यावर काय बोलायचं ते मला आजही सुचलेलं नाही, म्हणून पुढे जाते.

होममध्ये ठेवलं की जबाबदारी संपते, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मी आठवड्यातून पाच दिवस ऑफिसमधून परस्पर तिकडे जायचे. सहा ते सात, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. तोपर्यंत आईचं इंग्रजी जवळजवळ पुसलं गेलं होतं. डिमेन्शियात असं पुष्कळदा होतं, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. आयुष्यभर इंग्रजीत फॉर्म भरलेल्या बाईला 'वॉटर' कळेना, 'पाणी' कळायचं. समोर जेवणाचा ट्रे ठेवला तर ती नुसती बघत राहायची. पहिला घास तिच्या हातात द्यायचा, "आई, वरण-भात आहे" म्हणायचं (प्रत्यक्षात तो कुस्करलेला बटाटा असायचा), की मग ती पुढचं स्वतः खायची. एवढं साधं होतं ते. पण ते फक्त मला माहीत होतं, आणि नेपाळहून नर्सिंग शिकायला आलेल्या एका मुलीला. ती तिथे संध्याकाळची पाळी करायची.

त्या मुलीचं सांगते. आई एकदा दुपारभर कण्हत होती. नर्सला काही कळेना. ही मुलगी कामावर आली, आईजवळ बसली. आई म्हणाली, "दुखतंय." नेपाळीत दुखण्याला 'दुख्यो' म्हणतात. तिला बरोबर कळलं. पानी तेच, भात तोच. त्या इमारतीत शंभरावर माणसं होती, आणि आईचा एक शब्द धरू शकणारी ती एकटी. मी कृतज्ञ होते, आणि आतून घाबरलेही होते. एका माणसाचं दुखणं कळणं एका पाळीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, हे मला दिसत होतं.

आता साथीकडे येते. आपल्याला वाटतं साथ म्हणजे कोविड. वृद्धांच्या होममध्ये साथ दर हिवाळ्यात येते. तिकडे जून ते सप्टेंबर थंडी. कधी फ्लू, कधी नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब. दारावर पाटी लागते, त्या भागात कुणी जायचं नाही, शेवटच्या माणसाची लक्षणं थांबून काही दिवस झाले की पाटी निघते. आत शिरताना एका कागदावर प्रश्न असतात: ताप आहे का, खोकला, सर्दी, जुलाब? हो किंवा नाहीवर खूण करायची, सही करायची.

जुलै २०१९मध्ये त्या कागदावर मी खोटी खूण केली.

ऑफिसात रिलीजचा आठवडा होता, दोन दिवस मला होमवर जाता आलं नव्हतं, आणि आईने त्या दोन दिवसांत जेमतेम खाल्लं होतं असं फोनवर कळलं होतं. माझं नाक वाहत होतं, घसा खवखवत होता. दारात उभी राहून मी स्वतःला सांगितलं, ही ऑफिसातल्या एसीची सर्दी आहे. 'नाही'वर खूण केली आणि आत गेले. आईला भरवलं. तिच्या शेजारच्या खोलीत एक ग्रीक आजोबा होते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर टॉफी ठेवायचे. त्यांनी दिली, मी घेतली, त्यांचा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं. सहा दिवसांनी त्या कॉरिडॉरमध्ये फ्लूची पाटी लागली. सात जण आजारी पडले. आजोबा हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आले नाहीत.

फ्लू कुणी आणला हे कुणालाच कळलं नाही. मी आणला असेन किंवा नसेन. मी काही तपासून घेतलं नव्हतं, त्यामुळे मला ते कधीच कळणार नाही. हे मी आजपर्यंत फक्त नवऱ्याला सांगितलंय. पुढे जे सांगणार आहे त्यात मी होमवर बरीच रागावलेली दिसेन, तेव्हा रागावणारी ही बाई कोण आहे ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

१८ मार्च २०२०ला तिकडच्या पंतप्रधानांनी केअर होमसाठी नियम जाहीर केले. प्रत्येक रहिवाशाला दिवसातून एक छोटी भेट, जास्तीत जास्त दोन माणसं, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, परदेशातून आलेल्यांनी चौदा दिवस फिरकायचं नाही. मला ते पटण्यासारखं वाटलं. पण आमच्या होमने त्याच आठवड्यात एक ईमेल पाठवून भेटी पूर्ण बंद केल्या. असं अनेक होम्सनी केलं. सरकारने परवानगी दिलेली भेट सुरक्षेच्या नावाखाली काढून घेतली होती, आणि तक्रार कुणाकडे करायची ते स्पष्ट नव्हतं.

आईची खोली तळमजल्यावर होती, हे आमचं नशीब. मी बागेतून खिडकीशी जायचे. काचेपलीकडे ती खुर्चीत. हात हलवायची. मग काचेवर बोट आपटून म्हणायची, "अगं, बाहेर का उभी? दार उघडंच आहे." ऐकू यायचं नाही, ओठांवरून कळायचं. रोज तेच. मी नियम मोडत नव्हते, पण पोटची मुलगी दार उघडं असून आत येत नाही, एवढंच तिला दिसत होतं. पंधरा दिवसांनी मी खिडकीशी जाणं थांबवलं. मग टॅबलेटवर व्हिडिओ कॉल. तिला मी टीव्हीवरची बाई वाटायचे. एकदा माझा आवाज ओळखला, तर हात टॅबलेटच्या मागे घालून मला शोधायला लागली. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या क्षेत्रात मी वीस वर्षं आहे. त्या दिवशी कॉल कट केला आणि त्यानंतर काम केलं नाही.

११ मे २०२०ला तिकडे भेटींसाठी एक आचारसंहिता आली. होमचालकांच्या आणि वृद्धांच्या-नातेवाइकांच्या संघटनांनी मिळून ती केली होती. त्यानंतर आमचं दार अर्धा तास उघडलं. वेळ आधी ठरवायची, त्या वर्षीची फ्लूची लस घेतल्याचा पुरावा दाखवायचा (१ मेपासून त्याशिवाय आत सोडत नव्हते), आणि दीड मीटर अंतर. पहिल्या दिवशी मी मास्क लावून समोर बसले. आई म्हणाली, "कोण बाई तुम्ही?" नाव सांगितलं. नुसती बघत राहिली. बाबांचं नाव, सांगलीचं, आमराईचं, सगळं काढून झालं. मास्कमुळे तोंड दिसत नाही, ऐकायला कमी, मला जवळ जाता येत नाही. दहा मिनिटं गेली. शेवटी, मला का सुचलं माहीत नाही, मी पाढा सुरू केला. एकोणतीसचा. तोच मला लहानपणी येत नसे, आणि तिने मला तो पोस्टातून आल्यावर स्वयंपाकघरात उभं करून पाठ करून घेतला होता. एकोणतीस, अठ्ठावन्न... इथे मी अडखळले, आणि पलीकडून आवाज आला, "सत्त्याऐंशी. अजून येत नाही तुला?"

गणिताचे सर समोर आहेत. सर, तुम्हालाही तो माझ्याकडून कधी पूर्ण ऐकायला मिळाला नाही.

जूनअखेर मेलबर्नला दुसरी लाट आली. जुलैत शहर बंद झालं, ते ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत. ऑगस्टमध्ये रात्री आठनंतर संचारबंदी आणि घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा. आमच्या होमचं दार पुन्हा बंद झालं होतं. आणि बंद दारातूनच साथ आत गेली. एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाली. तिच्याबरोबर पाळी केलेल्या सगळ्यांना घरी विलगीकरणात पाठवलं, त्यात ती नेपाळी मुलगीही होती. त्यांच्या जागी एजन्सीकडून माणसं आली. चांगली असतील ती माणसं, मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण कुठल्या खोलीत कोण राहतं, कुणाला काय लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. नऊ दिवस आमचे फोन उचलले गेले नाहीत. रोज संध्याकाळी एक ईमेल यायचं, सगळ्या नातेवाइकांना एकच: परिस्थितीवर आमचं लक्ष आहे.

आमच्या होममध्ये अकरा जणांना कोविड झाला, चार गेले. आईला झाला नाही. पण ऑगस्टअखेर तिचं वजन एकावन्नवरून चव्वेचाळीस किलो झालं होतं. ट्रे समोर ठेवला जात होता, वीस मिनिटांनी उचलला जात होता. चार्टवर लिहिलेलं होतं: 'जेवणास नकार.' तिने नकार दिलेला नव्हता. पहिला घास हातात द्यायला कुणी नव्हतं. लघवीचा संसर्ग झाला होता तोही चार-पाच दिवस कळला नाही. 'दुखतंय' हा शब्द ती म्हणालीच असणार.

मला तुम्हाला सांगायचंय ते हे. त्या होमच्या कागदांवर मी 'व्हिजिटर' होते. पाहुणी. पाहुण्यांनी साथीच्या दिवसांत येऊ नये हे कुणालाही पटेल. पण रोज संध्याकाळी सहा ते सात मी तिथे पाहुणचार घ्यायला जात नव्हते. मी तिचं जेवण होते, तिचा दुभाषा होते, ती कोण आहे हे आठवून देणारी होते. होमने दार लावलं तेव्हा त्यांच्या लेखी एक पाहुणी बाहेर राहिली. आईच्या लेखी तिची निम्मी शुश्रूषा बंद झाली.

दारं बंद ठेवून साथ थांबली का, हाही प्रश्न आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियात कोविडने सुमारे नऊशे माणसं गेली, त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश केअर होम्समधली होती. दुसऱ्या लाटेत नातेवाईक बाहेरच होते. विषाणू बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांबरोबर आत गेला, कारण शहरात तो पसरलेला होता आणि कर्मचाऱ्यांना आत-बाहेर करावंच लागतं. यात त्यांना दोष देणं मला जमत नाही. त्यातल्या कितीतरी जणी तासांवर काम करणाऱ्या, एका होममध्ये पुरेसे तास मिळत नाहीत म्हणून दोन-तीन होम्समध्ये जाणाऱ्या. घसा दुखतोय म्हणून घरी बसलं तर त्या दिवसाचा पगार नाही. मलाही घसा दुखत असताना मी गेले होते, आणि माझा तर पगारही कापला जाणार नव्हता. जुलै २०२०च्या अखेरीस तिकडच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने या कर्मचाऱ्यांना साथीच्या काळात दोन आठवड्यांची पगारी रजा मंजूर केली. इतकं साधं शहाणपण यायला अनेकांचे आई-बाप जावे लागले.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे: सर्वात सुरक्षित सर्व्हर कुठला? जो बंद करून ठेवलाय तो.

वृद्धसेवेवर तिकडे रॉयल कमिशन, म्हणजे उच्चाधिकार चौकशी आयोग, आधीपासूनच बसला होता. त्याने कोविडवर एक वेगळा अहवाल दिला, तो १ ऑक्टोबर २०२०ला संसदेत मांडला गेला. त्यात पहिल्या काही शिफारशींत एक अशी होती की भेटी वाढवता याव्यात, चांगल्या व्हाव्यात, यासाठी होम्सना जादा कर्मचारी ठेवायला सरकारने पैसे द्यावेत. ते वाचून मी रडले, कारण भेटीला माणूसबळ लागतं हे कुणीतरी कागदावर लिहिलं होतं. नेदरलँड्समध्ये तर त्याआधीच, मे २०२०मध्ये, सव्वीस होम्स निवडून तिथे प्रत्येक रहिवाशाला एक ठरलेला माणूस नियम पाळून भेटू दिला होता. पहिल्या काही आठवड्यांत तिथे नवीन लागण आढळली नाही. मार्चमध्ये कुणालाच काही माहीत नव्हतं, तेव्हा दारं लावली हे मी समजू शकते. मेनंतर माहीत होतं.

२०२२पर्यंत तिकडे विचार बदलला. होममध्ये साथ चालू असली तरी प्रत्येक रहिवाशाला निदान एक आवश्यक भेटकर्ता मिळालाच पाहिजे, असं मार्गदर्शन आलं. आईच्या फाइलमध्ये माझं नाव लागलं. जानेवारीत ओमायक्रॉन आला, आमच्या होममध्ये पुन्हा लागण झाली, आणि या वेळी दार बंद असताना मी आत होते. घरी करायच्या चाचणीची किटं तेव्हा दुकानांत मिळत नव्हती, एका रविवारी मी चार फार्मसी हिंडले. होमच्या नर्सने मला गाऊन, मास्क, फेसशील्ड घालायला शिकवलं. घालणं सोपं असतं. काढताना माणूस चुकतो: आधी हातमोजे, मग हात धुवायचे, मग गाऊन, पुन्हा हात, मग शील्ड, आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर. पहिल्या दिवशी तिने मला तीनदा करायला लावलं. मला त्याचा राग आला नाही. असं कुणी २०१९मध्ये दारात उभं असतं तर बरं झालं असतं.

त्या अवतारात मला तुम्हीही ओळखलं नसतं. आईने डोळे मिटून घेतले. मी पाढा म्हणायला लागले. तेव्हा तिचं बोलणं संपलेलं होतं, पण चादरीवर तिचं बोट हलत होतं. प्रत्येक आकड्याला एकदा. मी मुद्दाम एक आकडा गाळला, बोट थांबलं.

जून २०२२मध्ये ती गेली, न्यूमोनियाने. वरच्या मजल्यावर तेव्हा फ्लूची पाटी होती. आम्ही दोघं शेवटचे दोन दिवस तिच्याजवळ होतो. मुलगाही येऊन गेला. कुणी अडवलं नाही.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४पासून केअर होम्सना भेटींचा नियम कायद्याने लागू आहे, अपवादात्मक कारण असल्याशिवाय नातेवाइकांना अडवता येत नाही. ऑस्ट्रेलियात गेल्याच महिन्यात, १ नोव्हेंबरला, वृद्धसेवेचा नवा कायदा अमलात आला. त्यातल्या हक्कांमध्ये आपल्या माणसांशी जोडलेलं राहण्याचा, त्यांची सुरक्षित भेट होण्याचा हक्क लिहिलाय.

आता आपल्याकडे. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा जिल्ह्यागणिक निदान एका वृद्धाश्रमापासून सुरुवात करा म्हणतो, आणि आपण तेवढ्यावर वाद घालत असताना खाजगी केअर सेंटरं गल्लोगल्ली निघालीत. आपल्या वर्गातल्या एकाचे वडील २०२०मध्ये पुण्यात अशा ठिकाणी होते. तो इथे आहे, त्याला विचारून सांगते. तो साडेतीन महिने दर रविवारी फाटकाशी डबा घेऊन जायचा. वॉचमन डबा सॅनिटायझरने पुसून आत न्यायचा. वडील गॅलरीत आलेले त्याला दोनदाच दिसले. नंतर कळलं की त्यांचं श्रवणयंत्र एप्रिलमध्येच बंद पडलं होतं, सेल संपला होता. साडेतीन महिने त्यांना कुणी काय बोलतंय ते कळत नव्हतं. डब्यात सेल घालून पाठवता आला असता, पण त्याला कुणी सांगितलंच नाही. तो म्हणतो, "मी त्यांना पुरणपोळी पाठवत होतो."

गेल्या पंधरवड्यात मी सांगली-मिरजेत आणि पुण्यात मिळून चार ठिकाणं बघून आले. चारही चालक मनाने चांगले वाटले. 'साथ आली तर भेटीचं काय करता?' असं विचारलं. तिघं म्हणाले, "बंद ठेवतो, काळजी करू नका." एकाकडे लेखी कागद होता, अर्ध्या पानाचा, पण होता. म्हणून ज्यांना आई-वडिलांसाठी जागा बघायची आहे त्यांना सांगते: खोली, पंखा, जेवणाचा मेनू बघून झाला की हे विचारा. घरच्या एका माणसाचं नाव आत येण्यासाठी फाइलमध्ये आधीच लिहून ठेवाल का? रोज एक फोन कोण करणार, त्याचं नाव काय? कर्मचारी आजारी पडले तर पगारी रजा देता का? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर चालक जरा चमकतात. विचाराच.

आणि आपण जाणाऱ्यांनीही. सर्दी झाली असेल तर जाऊ नका, दुसऱ्याला पाठवा. म्हणून जाणारे निदान दोघं तयार ठेवा, भाऊ, वहिनी, शेजारी, कुणीही. माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं, माझी चूक तिथून सुरू झाली. फ्लूची लस दरवर्षी घ्या, त्यांनाही द्या. उलट्या-जुलाबांची साथ असेल तर हाताला नुसतं सॅनिटायझर लावून उपयोग नाही, नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. ज्यांना भेटायला गेलात त्यांनाच भेटून या. शेजारच्या खोलीतले आजोबा टॉफी देतील, ती लांबूनच नको म्हणा.

शेवटचं. मी एक पानाचा कागद तयार केलाय, मराठीत. आपल्या माणसाला काय म्हणून हाक मारली की तो बघतो, पहिला घास कसा द्यायचा, चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र कुठे असतं, त्याचा सेल कुठला, दुखत असेल तर तो काय शब्द वापरतो, कशाने शांत होतो, कशाने त्रास होतो. आमच्यासारखे जेव्हा आत येऊ शकत नाहीत, तेव्हा नव्या कर्मचाऱ्याच्या हातात निदान तो कागद असावा. प्रती मागच्या टेबलावर, स्मरणिकेच्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्या आहेत. आई-वडिलांचा आई-वडिलांना विचारून भरा. आपला स्वतःचाही भरून ठेवायला हरकत नाही, आपण काही लहान राहिलेलो नाही.

मराठीच्या बाई गेल्या वर्षापासून स्वतःच्या मर्जीने मिरजेजवळच्या एका केअर सेंटरमध्ये राहतात, हे बऱ्याच जणांना आज कळतंय. काल त्यांना हा कागद दाखवला, तर त्यांनी तिथल्या तिथे भरून दिला. 'कशाने शांत होता' समोर लिहिलंय: आले घातलेला चहा, चारला. 'कशाने त्रास होतो' समोर लिहिलंय: ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. आणि माझ्या छापील मजकुरातल्या तीन चुकांना लाल पेनाने गोल केलेत. तेव्हा कागद आत्ता न्या, पण दुरुस्त केलेली प्रत मी उद्या ग्रुपवर टाकते.